समीक्षाचं एकच गिऱ्हाईक

वरची वाडी, ता. पोलादपूर
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. रेश्मा हिस,

सौ. लिहावं की नाही, याच्यावर बराच वेळ पेन थांबलं. पण माझा मुलगा गेल्यावर भरतरावांशी तुझा पाट लागून सहा वर्षं झाली, तेव्हा तू सौ. आहेसच. माझ्या दीपकच्या नावाचं आता तुझ्याकडे काही नाही. तरी सुनेला लिहितात तसंच लिहितो आहे, दुसरं कसं लिहायचं ते मला येत नाही. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. चूकभूल समजून घे.

पत्राचं कारण एवढंच, की गेल्या शनिवारी शाळेतल्या बाजाराला तू आली होतीस. परत येऊ नको.

रागाने लिहीत नाही. मला भीती वाटते. समीक्षाला तुझ्याबद्दल काही ठाऊक नाही. का ठाऊक नाही, ते विचारू नको. आठ वर्षांची पोर आहे, तिसरीत आहे, अभ्यासात बरी आहे, खाऊन पिऊन सुखी आहे. लग्न ठरलं तेव्हा तुझ्या भावाने आणि मी चार माणसांत बसून ठरवलं होतं, की पाट लागला की पोर पहिल्या घरी राहील. ही आपली रीतच आहे. मी काही नवीन काढलं नाही.

तुला बाजाराचं कोणी सांगितलं? माझा संशय नूतन बाईंवर आहे. त्या महाडच्या, रोज एसटीने येतात. महाडात तुझी त्यांची गाठ पडली असेल. शाळेत मास्तर म्हणा, बाई म्हणा, त्या एकट्याच. मुलं नऊ. बाई चांगल्या आहेत, पण त्यांनी यात पडू नये.

बाजार कशासाठी होता ते तुला कळलं नसेल, म्हणून सांगतो. बाईंनी मुलांना धडा शिकवला, की जो पिकवतो किंवा बनवतो तो उत्पादक आणि जो पैसे देऊन घेतो तो ग्राहक. मग म्हणाल्या, आता घरी जे होतं ते घेऊन या आणि विका. विकत आणलेलं चालणार नाही. भिकूच्या ओमने पोलादपुरातून कुरकुऱ्याची पाकिटं आणली होती, ती बाईंनी बाजूला ठेवायला लावली. "हे तू पिकवलंस का रे? तुझ्या बापाने पिकवलं? मग तू उत्पादक कसा?" सगळी हसली. बाकीच्यांनी पावट्याच्या शेंगा, कुळीथ, अंडी, केरसुण्या असं आणलं होतं.

आपली म्हैस बाजाराच्या तीन दिवस आधी व्याली. समीक्षाने धरलं, मी खरवसच विकणार. मी नाही म्हटलं. तुला ठाऊक आहे, पहिल्या चार दिवसांचा चीक आपण विकत नाही. माझी आई सांगायची, चीक आपल्या माणसाला द्यायचा असतो, पैसे फक्त परक्याकडून घेतात, आणि चिकाचे पैसे घेतले तर म्हैस आटते. पोरगी रडली. शेवटी ठरलं, की खरवस न्यायचा, पण फुकट वाटायचा.

तुझ्याकडून दहा रुपये घेतले ते पोरीने घेतले. मी सांगितलं नव्हतं. लहान आहे, तिला रीत कळत नाही. मनाला लावून घेऊ नको.

गुडघे फार दुखतात. शाळेपर्यंत उतरायचं म्हणजे अर्धा तास जातो, आणि चढताना विचारू नको. पत्र टाकायला पोलादपूरला जीपने जावं लागेल. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर मला बोलायचं सुचत नाही.

परत येऊ नको, एवढंच.

हैबती


६ जानेवारी २०२५

चि. सौ. रेश्मा,

तुझं उत्तर नाही. मी मागितलंही नव्हतं. तरी दर दोन दिवसांनी पोस्टमन खालच्या गावात आला का, ते विचारतो.

नूतन बाईंचा दोष नव्हता. तुझ्या इकडच्या सासूने तुला कळवलं, ते आता मला कळलं. बनुबाईने स्वतःच सांगितलं. मी बाईंना शिव्या घालत होतो, तेव्हा चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "त्या बिचारीला कशाला बोलता? मी सांगितलं रेश्माला. बाईंच्या फोनवरनं मी बोलले. आणि पुढच्या बाजाराला पण सांगणार हाय."

मी म्हटलं, "तुला अक्कल हाय का? पोरीच्या मनावर काय होईल?"

"पोरीच्या का तुमच्या?" असं म्हणाली.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवून गोठ्यात जाऊन बसते. बावन्न वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. दीपक गेला तेव्हाही आम्ही एकमेकांशी बोलत होतो.

आणखी एक अडचण झाली आहे. तुला सांगू नये, पण दुसरं कोणाला सांगणार.

बाजार झाल्यावर नूतन बाईंनी मुलांना पाच ओळी लिहायला दिल्या. विषय, माझा ग्राहक. बाकीच्यांना आठ-दहा गिऱ्हाइकं झाली होती, त्यांनी कोणीही एक धरला. समीक्षाला एकच होतं. फुकट खाणाऱ्यांना बाई ग्राहक म्हणत नाहीत, त्यांना पाहुणे म्हणतात. तेव्हा तिने तुझ्यावर लिहिलं. वहीतलं जसंच्या तसं उतरवतो.

"माझ्या ग्राहकाने निळी साडी नेसली होती. माझ्या ग्राहकाने उभ्याने खरवस खाल्ला आणि फार वेळ लावला. तिने माझे नाव दोनदा विचारले. खरवस गोड होता तरी तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझा ग्राहक खूप चांगला आहे, तो परत येईल."

बाईंनी खाली लाल पेनाने शाबास लिहिलं आहे.

बाईंनी वर्गात सांगितलंय म्हणे, की माल चांगला असला तर गिऱ्हाईक परत येतं. आता रोज शाळेतून आली की विचारते, "आजोबा, पुन्हा बाजार कधी? ती बाई कुठली हाय? तुमच्या वळखीची होती काय?" मी म्हणतो, नाय गो, मला कशी ठाऊक असणार, बाजारात सतरा माणसं येतात. मग ती म्हणते, "पण तुम्ही तिच्याकडे बघतच नव्हता. मान फिरवून बसला होता."

तिचं सगळ्याकडे लक्ष असतं. दीपकचंही असंच होतं.

आता मी घरात असलो की तो विषय निघू नये म्हणून गोठ्यात जातो. गोठ्यात बनुबाई असते. मग बाहेर जाऊन बसतो.

दहा रुपयांचं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते तसंच झालं होतं. तुलाही तसंच आठवत असेल.

हैबती


१६ जानेवारी २०२५

रेश्मा,

काल तुझं पत्र मिळालं. चारच ओळी आहेत. चार ओळी तरी लिहिल्यास.

तू लिहिलं आहेस, "मामा, दहा रुपयांचं तुम्ही खोटं लिहिलंत. मी तिथेच होते."

खरं आहे. मी खोटं लिहिलं. आता लिहितो ते खरं लिहितो.

बाजार उठायला आला होता. समीक्षाच्या पातेल्यात दोन वड्या उरल्या होत्या. पोरगी हिरमुसली होती. शेजारी काशीबाईची नात पावट्याच्या शेंगा विकून चिल्लर खुळखुळवत होती आणि म्हणत होती, "तुझं फुकटचं दुकान!" मी समीक्षाच्या मागे खुर्चीवर बसलो होतो, कोणी पैसे देऊ नये म्हणून राखण करत. तेव्हा तू फाटकातून आलीस. डोक्यावर पदर होता. तरी मी तुला चालण्यावरून ओळखलं. तू पाणी घेऊन यायचीस तेव्हाची चाल तीच आहे.

तू जवळ आलीस आणि "मामा" म्हणालीस. अगदी हळू. मी मान फिरवली.

समीक्षाने केळीच्या पानावर वडी ठेवून तुझ्यापुढे धरली. म्हणाली, "घ्या. आम्ही पैसे नाय घेत, चीक हाय."

तू हात पुढे केलास. आणि मी म्हणालो, "हिच्याकडून घे गो पैसे. गिऱ्हाईक हाय ती."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच घेऊ?"

"घे. दहा सांग."

तू पिशवीतून नोट काढलीस आणि तिच्या हातावर ठेवलीस. तिचा हात तू जरा जास्त वेळ धरलास. मान फिरवलेली असूनही मी ते बघत होतो. मग समीक्षा उड्या मारत बाईंकडे धावली, "बाई, बाई, मला ग्राहक आला!" आणि तू तिथे उभी राहून खरवस खात होतीस. तोंडात घास फिरत होता, खाली उतरत नव्हता, ते मला दिसत होतं.

त्या दिवशी सगळ्या गावाने चीक फुकट खाल्ला. कुरकुरेवाल्या ओमने दोनदा खाल्ला. पैसे पडले ते एकट्या तुझे. मी मुद्दाम पाडले. तू आपली नाहीस हे तुला कळावं म्हणून. तुला ती रीत ठाऊक आहे हे मला माहीत होतं, म्हणूनच तसं केलं. ज्याला ठाऊक नाही त्याला ते लागलं नसतं.

दुसरं पण सांगतो. समीक्षा चार वर्षांची असताना अंगणवाडीतून आली आणि विचारलं, माझी आई कुठाय? मी सांगितलं, कशेडी घाटात दरड आली तेव्हा गाडीत आई-बाप दोघं होते. दोघं गेले. मग वाडीतल्या सगळ्यांना गाठून सांगितलं, की पोरीपुढे असंच बोला. सगळे तसंच बोलतात. बनुबाई एकटी कधी बोलली नाही, पण तिने माझं खोटं पाडलंही नाही. आता म्हणते, तेच माझं पाप.

काल तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "म्हशीपासनं पारडू सोडवलं, दुसऱ्या गोठ्यात बांधलं, तर ती दहा दिस हंबरते. तुमी तिच्यापाशी जाऊन बसता, चारा खा म्हणता, पाठीवरनं हात फिरवता. म्हशीचं तुमाला समजतं. ही पोर अंगावर पीत होती हो. दीड वर्साची. तिच्या आईला दारातनं घालवलं तेव्हा तुमी कुठं जाऊन बसला होतात?"

मी मागे काजूखाली जाऊन बसलो होतो. तू दाराची चौकट धरली होतीस आणि तुझा भाऊ तुझी बोटं सोडवत होता. मला ऐकू येत होतं.

मला वाटायचं, पोरगा गेला, आता पोरगीही गेली तर घरात आम्ही दोन म्हातारी काय करणार. तुला दुसरी होतील, आम्हाला दुसरी कुठून. एवढाच विचार होता. रीत मी नंतर पुढे केली.

आता काय करू ते सांग. पोरीला मी सांगू, की तू येऊन सांगशील? मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलेल का?

हैबती


३० जानेवारी २०२५

रेश्मा,

तू लिहिलंस, ज्याने सांगितलं त्यानेच खरं सांगावं. बरोबर आहे.

रविवारी सकाळी सांगितलं. ती गोठ्यापुढे पारडाला पेंढा भरवत होती. बनुबाई दारात बसली होती, मदतीला म्हणून नाही, मी मागे फिरू नये म्हणून.

मी म्हटलं, "समीक्षा, ती बाजारातली बाई."

तिने लगेच तोंड वर केलं. "माझं गिऱ्हाईक? आलं काय?"

"ती तुझी आय."

ती हसली. म्हणाली, "आय तर घाटात गेली ना, आजोबा."

"नाय गेली. बाप गेला. आय हाय. वीरला असते, टेशनाच्या जवळ. मी तुला खोटं सांगितलेलं."

ती आजीकडे बघायला लागली. बनुबाईने होय म्हणून मान हलवली. पोरगी पुन्हा पारडाच्या तोंडात पेंढा घालायला लागली. मला वाटलं आता रडेल, मग जवळ घेऊ. पण रडली नाही. विचारलं, "त्यांना म्हायती होतं, मी कोण ते?"

"होतं."

"मग त्यांनी पैसे का दिले?"

"मी मागायला लावले म्हणून."

"तुमाला पण म्हायती होतं?"

"होतं गो."

मग ती म्हणाली, "मग बाईंना सांगायला पायजे."

"काय सांगायचं?"

"मला गिऱ्हाईक आलंच नव्हतं."

घरात गेली, दप्तर उघडलं आणि त्या पाच ओळींवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या. सावकाश, एकेक ओळ. बाईंच्या शाबासवर पण मारली. मी दारातून बघत होतो. मला थांबवता आलं नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी वाईट वागत नाही. तंबाखूची डबी आणून देते, पाणी देते. पण काही विचारत नाही. आधी दिवसभर विचारायची. आजोबा हे काय, आजोबा ते का, डोकं उठवायची. आता घरात इतकी शांतता असते, की म्हैस रवंथ करते ते ऐकू येतं.

तू शनिवारी ये. शाळेत ये, मी बाईंना सांगतो. मी खाली उतरणार नाही. गुडघ्यांचं कारण सांगेन.

हैबती


४ मे २०२५

चि. सौ. रेश्मा,

हे पत्र समीक्षाच्या दप्तरात, आतल्या कप्प्यात ठेवतो आहे. तिला सांगितलंय, वीरला पोचल्यावर आईला द्यायचं, मधेच काढायचं नाही.

फेब्रुवारीपासून दर शनिवारी तू आलीस, ते मी वरून बघत होतो. काजूखालून शाळेचं अंगण दिसतं. माणसं ओळखू येत नाहीत, पण रंग दिसतात. पहिल्या शनिवारी तुम्ही दोघी दोन टोकांना बसला होतात. पुढे जवळ बसायला लागलात. होळीनंतर एक दिवस मला एकच रंग दिसला, तेव्हा ती तुझ्या मांडीवर होती असं समजलो. बनुबाईला विचारलं. ती म्हणाली, "होय. झोपली होती."

नंतर समीक्षाने स्वतःच सांगितलं, "मला त्यांच्याकडे जायचंय. तिकडंच शाळेत जायचंय." मी विचारलं, सुट्टीपुरतं? "नाय. तिकडं भाव पण हाय ना. दोन वर्साचा." मी हो म्हटलं. हो म्हणताना माझा आवाज बरा होता.

नूतन बाईंनी दाखला दिला आहे, तो दप्तरातच आहे, भिजवू नको. शाळेचा पट आठावर आला. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही बरोबर केलंत." पण दाखल्यावर सही करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. बनुबाईने तोंडी सांगितलंच असेल, पण ती घाईत विसरते.

जीपमध्ये तिला उलटी होते, पुढे बसव. एसटीत होत नाही. शेवग्याची भाजी खात नाही, जबरदस्ती करू नको, भुकेली झोपेल पण खाणार नाही. डावा कान थंडीत दुखतो, तेल गरम करून घालायचं नाही, महाडच्या डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलंय, नुसता शेकायचा. रात्री दात खाते. जंत नाहीत, तपासलंय, सवय आहे. कुत्र्याला भीत नाही, पण आगगाडी तिने जवळून बघितलेली नाही, तेव्हा पहिले आठ दिवस स्टेशनाकडे एकटी सोडू नको. तिचं गणित चांगलं आहे. लिहिताना ओळ सोडून खाली उतरते, ते कोणी मारून सुधारू नये, भरतरावांनाही सांग. भरतरावांचे माझ्यावर उपकार आहेत, हे त्यांना सांग. नको, सांगू नको, ते मी भेटलो तर सांगेन.

तिला एखादं पारडू-वासरू नाही तर कोंबडी तरी पाळायला मिळाली तर बघ. जनावराशी बोलायची सवय आहे, ती एकदम तुटायला नको.

उद्या सकाळी बनुबाई तिला घेऊन खाली येईल. मी पायवाटेपर्यंत येईन असं म्हणालो आहे. पोरीने "बरं" म्हटलं.

इकडची काळजी करू नको. इकडची आठवण मुद्दाम काढू नको. ती माझ्याबद्दल काही विचारेल तर जे खरं असेल ते सांग, माझी बाजू घेऊ नको. नाही विचारलं, तर तूही विषय काढू नको.

हैबती